आरेतलं पौष्टिक जेवण आणि निलेशची दोन अंडी

जिमवाल्याने निलेशला सांगितलं, जंगलातली माणसं खातात तसं खा. झालं! आमच्या नवरोबांनी बोरिवलीचं घर डोक्यावर घेतलं. शेवटी आरेच्या जंगलातल्या आदिवासी पाड्यावरची ‘मूळ आहार सहल’ बुक केली, जेवणासकट माणशी आठशे.

तुम्हाला जायचं असेल तर गोरेगाव पूर्वेहून बस मिळते. रिक्षावाले आत यायला कुरकुरतात. उतरल्यावर पाड्यापर्यंत बरंच चालायचंय, बूट घाला. डास मुबलक, त्यांचे पैसे वेगळे नाहीत. वाटेत म्हशींचे तबेले लागतात.

जेवण पाड्यावरच्या सुनंदाताईंकडे होतं; त्यांच्या अंगणात आम्ही सगळे मांडी घालून बसलो. आधी कोरा चहा आला. दूध न घालणं ही यांची प्राचीन परंपरा, असं आयोजकाने सांगितलं. तबेल्याचा वास अजून नाकात होता, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. मग नाचणीची भाकरी, माठाची भाजी, खेकड्याचा रस्सा. जेवण झकास, खोटं कशाला बोलू? निलेशला मात्र प्रोटीन कमी पडलं, त्याने अंडी मागितली. सुनंदाताई जरा घुटमळल्या, मग आत जाऊन दोन उकडून घेऊन आल्या.

तेवढ्यात त्यांची मुलगी दीपा निलेशसमोर येऊन उभी राहिली. त्याच्या ताटाकडे बोट करून म्हणाली, “माझं अंडं.”

सगळे हसले. कसली क्यूट आहे ना, वगैरे झालं. निलेशने दुसरं अंडंही तोंडात टाकलं आणि मी शहाणीने पर्समधला वेफर्सचा पुडा काढून तिच्या हातात दिला. असेल दोन वर्षांची, असं मला वाटलं.

नंतर भांडी घासताना सुनंदाताईंनी सांगितलं, दीपाला पाचवं लागलंय. पोर अंगच धरत नाही, उंची वाढत नाही. अंगणवाडीताईंनी रोज अंडं द्यायला सांगितलंय. शनिवारी वजन होणार, वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवायचं. मग यांची टॉवरमधली धुण्याभांड्याची कामं सुटणार. आणि घरात कोंबडी एकच, तीही दिवसाआड अंडं देणारी.

“मग नाही म्हणायचं ना!” मी चिडलेच.

“नाही म्हटलं तर पुढच्या रविवारी तो सहलवाला माणसं दुसऱ्याच्या घरी नेईल, ताई.”

मी त्यांचा नंबर घेतला. रिक्षात निलेशला सगळं सांगेपर्यंत त्याने फोनवरून सहलीला पाच तारे देऊन टाकले होते: ‘गावठी अंडी अप्रतिम, चुकवू नका.’ ऐकून त्याने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, “यार, मला काय माहीत?” मलाही कुठे माहीत होतं? पण लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. सहल कशी होती विचारलंत तर मी जेवणाबद्दल बोलत नाही, डासांबद्दल बोलते.

शनिवारी संध्याकाळी फोन केला. दीपाचं वजन किती भरलं, विचारलं.

“तेवढंच आहे, ताई,” सुनंदाताई म्हणाल्या. “पण दादांनी छान लिहिलं हां. आता दर रविवारी जेवणात अंडी ठेवायचीच म्हणाला तो सहलवाला. आठवडाभर एक पण खर्चत नाही मी, सगळी जमवून ठेवते.”