अंबादासनं तपासलंय

अंबादास गेल्याचं मला मोबाईलवर कळलं. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर त्याचा फोटो होता आणि खाली दोन ओळी. माझा अंगठा सवयीनं चालला आणि ती बातमी मी अंबादासलाच पाठवली. वर लिहिलं, 'हे खरं आहे का बे?' ...काय केलं ते पाठवल्यावर कळलं. दीड महिना झाला, तो मेसेज मी अजून पुसलेला नाही.

आम्ही एका वर्गातले. मी पुढं मास्तर झालो. तो विणकराच्या घरातला, घरात तेलुगू आणि बाहेर अस्सल सोलापुरी. आधी हातानं पाट्या रंगवायचा, मग त्यानं फ्लेक्सचं दुकान टाकलं. गर्दीचा एकच फोटो त्यानं तीन पक्षांच्या फ्लेक्सवर लावला होता आणि तिघांनाही ती आपलीच माणसं वाटली, हे तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सांगायचा. आयुष्यभर दुसऱ्यांची डोकी कापून चिकटवल्यामुळं मोबाईलवरच्या फोटोतली कापाकापी त्याला लगेच दिसायची. "डोकं कुणालाबी बसवता येतंय बे," म्हणायचा, "पाय जमिनीवर टेकवताना जीव जातोय. पाय बघ आधी." हळूहळू गल्लीतले लोक पोस्ट घेऊन त्याच्या दुकानात यायला लागले. पण मूळ फोटो किंवा अख्खा व्हिडिओ मिळेपर्यंत तो खरं म्हणायचा नाही आणि खोटंही म्हणायचा नाही. त्याचा हा चिवटपणा माझ्या डोक्यात जायचा. "न्यायाधीश झालास काय?" असं मी त्याला चिडवायचो.

महापालिकेच्या निवडणुकीला आमच्या भागातून शोभाताई उभ्या होत्या. निवृत्त नर्स, आमच्या मागच्या बुद्धविहाराजवळ राहणाऱ्या. निम्म्या भागातली पोरं त्यांच्या हातची सुई टोचून घेऊन मोठी झालेली. एका दुपारी त्यांच्या भाषणाची काही सेकंदांची क्लिप माझ्याकडं आली. त्यात त्या म्हणत होत्या, "या पट्ट्याचं पाणी तोडा, मग बघू कशी मतं देत नाहीत." आमच्याकडं पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी माणसं कामावर खाडा करतात. माझं डोकं सणकलं. क्लिप अंबादासला पाठवली, आणि त्याच झटक्यात निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवरही टाकली. वर लिहिलं, 'अंबादासकडे तपासायला दिलं आहे.'

त्याचा लगेच फोन आला. "क्लिप सुरू होतानाच तोंड उघडं हाय बघ. आधीचं कापलंय कुणीतरी. सगळं भाषण मिळंपर्यंत थांब. किती जणांला पाठवलास?"

"फक्त तुला," मी म्हणालो.

सभेचं रेकॉर्डिंग साउंडवाल्याकडं होतं आणि तो लग्नाच्या ऑर्डरीला मोडनिंबला गेलेला. अंबादास एसटीनं त्याच्यामागं गेला. तोवर ती क्लिप एका ग्रुपवरून दुसऱ्यावर फिरत होती, आणि फिरता फिरता माझी ओळ कुणीतरी आखूड करून टाकली: 'अंबादासनं तपासलंय.' पोस्ट खोटी असेल म्हणणारेही तेवढ्यावर गप्प झाले. संध्याकाळी रिकाम्या घागरी घेऊन माणसं शोभाताईंच्या दारात गेली. त्या प्रचाराला बाहेर होत्या. दार त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाईंनी उघडलं. ढकलाढकलीत त्या पायरीवरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा अंथरुणातून उठल्या नाहीत, चार महिन्यांत गेल्या.

दुसऱ्या दिवशी अंबादासनं अख्खं भाषण आणलं. शोभाताई त्यात सांगत होत्या की आम्हाला अशी धमकी दिली जाते, आणि पुढं त्या धमकीचे शब्द होते. ते भाषण कुणी पुढं पाठवलं नाही.

सासूबाई गेल्यावर शोभाताई दुकानात आल्या. मी तिथंच बसलो होतो. "अण्णा, तुमचं नाव कुणी घातलं त्यात?" अंबादासनं ग्रुपमागून ग्रुप धुंडाळून माझ्यापर्यंतचा माग काढला होता. मला तो काही बोलला नव्हता, पण माग लागला त्या आठवड्यात त्यानं मला एकदाही 'बे' म्हटलं नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "माग लागला न्हाय, ताई," म्हणाला.

तो होता तोवर माझं तोंड उघडलं नाही, याची मला लाज वाटते. हा लेख छापायला देण्याआधी मी शोभाताईंना दुकानात बोलावलं आणि इथपर्यंत वाचून दाखवला. दुकान आता त्याचा मुलगा चालवतो. मशीनसमोरची अंबादासची खुर्ची मात्र रिकामीच असते, मुलगा उभ्यानं काम करतो. शोभाताई माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीकडं वळल्या.

"म्हणजे अण्णांना ठावं होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्या सोलापुरात मी त्या एका माणसाच्या शब्दावर इश्वास ठेवला होता, सर. त्योबी न्हाय ठेवला की तुमी."