कातळावरची बातमी

साऱ्या वेल्हे तालुक्यात माझ्या थोरल्या मामांइतका खोटं बोलायला नालायक माणूस सापडणार नाही, आणि त्यांच्याइतक्या खोट्या बातम्याही कुणी पसरवल्या नसतील.

गुंजवण्याच्या धरणाजवळच्या त्यांच्या वाडीवर मोबाईलला रेंज नाही. ती मिळते देवळामागच्या कातळावर, तेही टोकाला उभं राहून हात वर केला तर. मामा सकाळी चहा ढोसून कातळावर चढायचे, साचलेले मेसेज उतरवून घ्यायचे आणि खाली पारावर येऊन प्रसादासारखे वाटायचे. खरं-खोटं ओळखायची त्यांची रीत ठरलेली. "शेवटाला हात जोडल्यालं चित्र हाय ना? मंग खरं. खोटं बोलनारा कशाला हात जोडंल?" मी भोरहून जाऊन वाद घातला की म्हणायचे, "तू गप रं. मिलिटरीतल्या मानसाच्या साडूनं धाडलंय ह्ये!"

सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि मामांना दिवस पुरेना. मीठ संपणार म्हणून त्यांनी पोतंभर मीठ आणलं. मामी अजून त्या पोत्यावर उभी राहून माळ्यावरचं काढते. ते दिवस राब भाजायचे. भाताचं रोप टाकायच्या जागी शेण-पाला पसरून जाळला की तणाचं बी मरतं. मामा कातळावरून धापा टाकत उतरले. "राब पेटवू नगा! इमानातनं धूर दिसला की दुस्मानास्नी धरान घावलं, आन धरान घावलं की आपुन ग्येलोच!"

शेजारच्या हौसाआक्कांनी राब पेटवलाही होता. मामांनी स्वतः दोन हंडे पाणी ओतलं. "आरं दादा, माजं भाताचं एकच खाचर हाय," आक्का कळवळल्या. "जीव ऱ्हायला तर खाचर!" मामा गरजले. वाडीनं ऐकलं, कारण हा माणूस जन्मात खोटं बोललेला नव्हता.

चार दिवसांत तोफा थांबल्या, पण त्याआधीच वळीव कोसळला. पाल्याचा चिखल झाला. पुढं रोपांपेक्षा तणच जोमानं आलं. मामा मुकाट्यानं डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन रोज आक्कांच्या रोपात तण उपटायला बसू लागले. कोवळं भात आणि तण दिसायला सारखंच. आक्का बांधावरून ओरडायच्या, "आरं, भात उपटतूयास तू! तन ठिवतूयास!" एवढं करूनही लावणीला रोपं कमी पडली आणि आक्कांचं निम्मं खाचर पडीक राहिलं.

दिवाळीत गेलो, तर मामा कातळावरून उतरत होते. पारावर बसलेल्या आक्कांनी विचारलं, "दादा, काय बातमी?"

"मला काय म्हाईत न्हाई, आक्का." मामा मान खाली घालून पुढं निघाले.

हे एक वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी वर्षानुवर्षं भांडलो होतो. आता ते ऐकवेना.

आक्का जरा सरकल्या, शेजारची जागा हातानं झाडली आणि म्हणाल्या, "मंग खोटी सांग. पर बस की हितं."

मामा बसले. बातमी मात्र त्यांनी सांगितली नाही.