छत्रीचं वाकलेलं टोक
काल परळच्या छत्रीवाल्याने माझी जुनी, लांब दांड्याची छत्री उलटसुलट करत विचारलं, "ताई, टोक एवढं कशाने वाकलं?" आणि माझ्या नाकात एकदम ओल्या मुरमाचा नि डिझेलचा वास भरला. काही वर्षांपूर्वी काळाचौकीला एका टॉवरच्या तळघराची भिंत आणि शेजारची चाळ यांच्यामधला खड्डा मुरमाने भरत होते. भरायचं काम कंत्राटदाराचं, प्रत्येक थर नीट दाबलाय का ते तपासून सही करायचं काम इंजिनिअर म्हणून माझं. पण तीन-तीन थरांचे फॉर्म आधीच सही करून घ्यायची तिथे रीतच पडली होती. "मॅडम, रोलर फिरलाय, सही मारा ना," कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणाला. मी उन्हासाठी धरलेली छत्री मिटली आणि टोक भरावात खुपसलं. ते वीतभर सहज आत गेलं. चाळीच्या गॅलरीत पापड वाळत घालणारी बाई हात थांबवून बघत राहिली. मी फॉर्म तसेच परत दिले. दहा मिनिटांत माझ्याच साहेबांचा फोन, "अगं, जरा ॲडजस्ट कर." म्हटलं, "साहेब, उद्या चाळ खचली तर सही कुणाची ते विचारतील. तुम्ही या, तुम्ही करा." साहेब आले नाहीत. सगळा भराव उपसून थराथराने पुन्हा दाबावा लागला. शेवटी मी त्याच जागी छत्री टेकवून अंगाचा सगळा भार टाकला. जमीन हटली नाही, टोक वाकलं. तेव्हा कुठे सही केली. "नवीन टोक बसवू?" छत्रीवाल्याने विचारलं. "तारा हव्या तेवढ्या बदला," मी म्हटलं, "टोकाला हात लावायचा नाही."