मळीत मुरलेली मोटरसायकल

मला बघायला आले तेव्हा आमच्या ह्यांनी शेतीचा विषयही काढला नाही. मोटरसायकलवरून हिमालयापर्यंत जाऊन आलो, एवढंच सांगत राहिले. "लग्न झालं की तुलाबी मागं बसवून लांब नेणार," असंही म्हणाले. माझ्या पोह्यांपेक्षा त्यांचं ते वाक्य चांगलं जमलं होतं. मी हो म्हणाले.

लग्न झालं, दारात चारचाकी आली आणि मोटरसायकल सणसरच्या आमच्या घरामागे गोठ्यात गेली. तिच्या सीटवर कोंबड्या बसल्या, मी कधीच नाही. मी आपली बारामतीला नोकरीला स्कूटरवरून जात राहिले.

गेल्या उन्हाळ्यात ह्यांनी मोबाईलवर कसला तरी व्हिडिओ बघितला आणि गाडी अंगणात काढली. मला मनापासून आनंद झाला. ती मागची सीट एकदा मिळावी, एवढंच माझं मागणं होतं. मी माझ्या मापाचं हेल्मेटसुद्धा आणून ठेवलं.

गाडीपाठोपाठ गावची मंडळी आली. आमच्याकडे सोयरीक असो की विहिरीतली मोटर, चार माणसं जमल्याशिवाय कशाला हात लावत नाहीत. एकाने पाना धरायचा, बाकीच्यांनी सल्ला द्यायचा आणि मी चहा करायचा, अशी वाटणी झाली. पुढारीपण अर्थातच माझ्या चुलत सासऱ्यांकडे, म्हणजे तात्यांकडे.

टाकी आतून गंजली होती. तात्या म्हणाले, "मळी वता की तिच्यात!" साखर कारखान्याची मळी, जनावरांच्या खुराकात घालतात ती, पाण्यात कालवून टाकीत ओतली. काही दिवसांनी बघितलं तर खरंच गंज निघालेला. झालं! तात्यांना आभाळ ठेंगणं झालं. मग जे जे सुटं होईल ते मळीच्या पिंपात जाऊ लागलं. कार्बोरेटरची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "तात्या, हा ॲल्युमिनियमचा आहे. आधी कुणाला तरी विचारा."

"सूनबाई, उसातनं निघालेलं कदी कुणाचं वाईट करीत न्हाय," तात्या म्हणाले. आणि साखरेचा आजार असल्यामुळे माझ्या हातून बिनसाखरेचा चहा घेतला.

कार्बोरेटर बाहेर आला तो किडक्या दातासारखा. मंडळींनी एकमताने दोष कंपनीला दिला, मळीला कुणीही नाही. पुण्याहून नवा मागवावा लागला. तोवर अख्ख्या अंगणात मुंग्यांचं राज्य होतं, आणि त्या झाडायला कुणी सल्लागार थांबला नाही.

शेवटी एकदाची गाडी फडफडली. हार घातला, नारळ फोडला. मी हेल्मेट घालून पायरीवर उभी. तर मागच्या सीटवर तात्या चढले, कारण पहिला मान त्यांचा. कळस गावच्या त्यांच्या व्याह्यांना गाडी दाखवायची होती. बाकीचे सल्लागारही आपापल्या मानाची वाट बघत अंगणातच बसले.

"आणि मी?" मी ह्यांना विचारलं.

"तू काय, घरचीच हायस," हे म्हणाले आणि गेले.

या एका वाक्यावर आमच्या भागातले किती संसार चालतात, देव जाणे. मला इतका राग आला की सल्लागारांचा चहा मी गॅसवरच उतू जाऊ दिला.

थोड्या वेळाने ह्यांचा फोन आला. कळसच्या अलीकडे गाडी बंद पडली होती. पेट्रोल संपलं होतं. इतक्या डोक्यांनी टाकी आतून बघितली, पण ती भरायचं कुणालाच सुचलं नव्हतं. अंगणातल्या मंडळींना अचानक घरची कामं आठवली. मी हेल्मेट घातलं, वाटेत बाटलीत पेट्रोल घेतलं आणि स्कूटरवरून निघाले.

दोघं बाभळीखाली घाम पुसत बसले होते. ह्यांनी बाटलीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही. स्कूटरची किल्ली तात्यांपुढे धरली.

"तात्या, तुम्ही स्कूटर घेऊन घरी जा."

"बायकांची गाडी?"

"व्हय. घरचीच हाय."

तात्यांनी किल्ली घेतली. मी बाटली ह्यांच्या हातात दिली आणि मागे बसले.

सणसर आलं तसे हे वेग कमी करायला लागले. मी म्हटलं, "सरळ चला." बारामती गेली. पणदऱ्याजवळ ह्यांनी मान वळवून विचारलं, "अगं, कुठवर जायचंय?"

"बघायला आला होता तेव्हा सांगितलं होतं, तिथवर."