मंगल कार्यालयाच्या पायऱ्या

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर मध्येच उठून जावंसं वाटतंय.

मी संग्रामपूर तालुक्यातल्या एका शाळेत व्यायामशिक्षक होतो. सावधान, विश्राम, एका पायावर उभे राहा — यातच नोकरी गेली. पोरगं जरा डुललं की मी ओरडायचो. निवृत्तीनंतर मीच डुलायला लागलो. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की न्हाणीची भिंत धरावी लागे. मान झटकन वळवली की पाय जमिनीवर आहेत की नाहीत, तेच कळेना.

गुपचूप डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला सांगितले — आणि पडता पडता मला धरलं. म्हणाले, वय झालं की तळपायांची जाण बोथट होते, कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग मंदावतो, मग सगळी भिस्त डोळ्यांवर. काठी वापरा, पायऱ्यांवर कठडा धरा, चालताना एकदम वळून पाहू नका. काठी आणली. कपाटामागे ठेवली. गावानं मला काठी टेकताना पाहायचं? मला?

आक्का माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यावर गावात एकटी राहायची. वांगी, मिरच्या तोडून टोपलं डोक्यावर घ्यायची आणि ओल्या बांधावरून अशी चालायची की — असो. तिचा तोल गेलेला मी कधी पाहिला नाही. एवढंच सांगायचं होतं.

जळगाव जामोदला नात्यातलं लग्न होतं. भर दुपारी जेवून आम्ही कार्यालयाच्या पायऱ्या उतरत होतो. कठड्यापाशी गर्दी, म्हणून मधूनच. बघणाऱ्याला वाटलं असेल, भावानं म्हाताऱ्या बहिणीचा हात धरलाय. खरं तर मीच तिच्या आधारानं उतरत होतो. मागून कुणीतरी 'सर' म्हणून हाक मारली. मी वळलो. पायाखालचं सगळं सरकलं. मी आक्काचा दंड दोन्ही हातांनी ओढला, अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला — आणि ती गेली खाली. मी उभाच राहिलो.

लोक धावले. काय झालं सर, विचारू लागले.

"आक्काले चक्कर आली," मी म्हणालो.

विचार करायलाही थांबलो नाही. इतकं सहज कसं आलं तोंडात?

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर ती ज्याला त्याला सांगत होती, मले कोनीतरी ओढलं. तिचा लेक समजूत घालायचा, या वयात असं वाटतं, आई. एका दुपारी तो औषधं आणायला गेला आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो.

"काऊन रे बाबू, मले खरंच चक्कर आली होती?"

ऐकायला कुणी नव्हतं. तेव्हा तरी सांगता आलं नसतं?

"हाव आक्का. आली होती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू म्हनतं तं आलीच असन."

तिला कळलं होतं का? मला आजही ठाऊक नाही. विचारायची हिंमत नाही.

हाड जुळलं. पण एकटीला पुन्हा चक्कर आली तर काय, म्हणून लेक तिला पुण्याला घेऊन गेला. मळा बटाईनं दिला, घराला कुलूप लागलं. आता वॉकरची गरज नाही, असं तिथले डॉक्टर सांगतात म्हणे. ती सोडत नाही. माह्या डोक्याचा भरोसा नाही, म्हणते, आणि या खोलीतून त्या खोलीत जायलाही सुनेला हाक मारते.

परवा तिचा फोन आला. तब्येतीचं विचारून झालं. मग म्हणाली, "तुले तं नाही ना येत चक्कर?"

नाही, म्हणालो. एका हातानं दार धरून उभा होतो.