परक्या हाताने लावलेल्या तारा

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू काढून द्यायची, हा साधा व्यवहार वकीलबाईंना कधी जमलाच नाही. खरं तर त्यांचं दुकान गिटारच्या तारांचं. कायद्याशी त्यांचा संबंध शून्य. पण समोरच्याची त्या अशी काही उलटतपासणी घेत, की गिऱ्हाइकांनीच हे नाव पाडलं आणि ते कायमचं चिकटलं. "दहा नंबरचा सेट द्या," असं कुणी म्हटलं, की बाई चष्म्यावरून बघत विचारणार, "कुणी सांगितलं दहा नंबर?" माणूस चाचरायला लागला, की लगेच पुढचा प्रश्न. "जुनं पिक आणलंय का? दाखवा."

पिक म्हणजे तारा छेडायचा तो नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा. माणूस तोंडाने वाट्टेल ते सांगेल, पण त्याचं पिक बघितलं की सगळं बाहेर येतं, असं बाईंचं ठाम मत. टोक समोरून झिजलेलं असलं तर हा एकेक सूर वेचून वाजवणारा, याला जाड पिक आणि जरा भरदार तारा. एका कडेने तिरपं झिजलेलं असलं तर हा सगळ्या तारांवरून झाडू मारल्यासारखा हात फिरवणारा, याला पातळ पिक द्यावं, नाहीतर आठवड्याला एक तार तोडून येईल. आणि पिक कोरं करकरीत असलं तर विचारूच नका. "तुम्हाला तारा नकोत," बाई तोंडावर सांगत. "फडकं घ्या. गिटारवरची धूळ पुसा." माणूस लालबुंद होऊन निघून जाई आणि आठ दिवसांनी गुपचूप परत येई, कारण बाईंनी निवडून दिलेल्या तारा हाताला जशा बसत तशा दुसऱ्या कुणाच्या बसत नसत.

अशा बाईचा नवरा गिटार वाजवणारा असावा, यात नवल नाही. एका मोठ्या हॉटेलच्या भोजनगृहात रोज संध्याकाळी चौघांचा वाद्यवृंद बसायचा, त्यात तो होता. बावीस वर्षं त्याच्या गिटारला तारा बाईच लावत आल्या होत्या. बारा नंबरच्या जाड तारा आणि दगडासारखं टणक पिक. काट्याचमच्यांच्या खणखणाटातून सूर वर काढायचा तर असंच हत्यार लागतं, असं त्या म्हणत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी त्या गिटार मांडीवर घेऊन बसायच्या. खुंटीवर तारेचे तीनच वेढे, एकाखाली एक, आणि उरलेली शेपटी मुळाशी कापून आत वळवलेली, म्हणजे बोटाला टोचायला नको. नवरा शेजारी बसून पेपर वाचत असे. त्याने स्वतः आजवर एक तार बदलली नव्हती, आणि बाईंनी बदलू दिलीही नसती.

त्या महिन्यात मात्र पहिल्या सोमवारी तो म्हणाला, "राहू दे गं या वेळी. अजून बऱ्या आहेत तारा."

बाईंनी मान हलवली खरी, पण कान टवकारले. तो आंघोळीला गेल्याबरोबर त्यांनी गिटारची पेटी उघडली. तारा नव्या होत्या. नुसत्या नव्या नाहीत, नऊ नंबरच्या! शिकाऊ पोरी लावतात तसल्या दोऱ्यासारख्या बारीक. खुंट्यांवर सात-सात, आठ-आठ वेढे एकमेकांच्या डोक्यावर चढलेले, आणि शेपट्या कापलेल्याच नाहीत, मांजराच्या मिशांसारख्या चहूकडे. पेटीच्या कप्प्यात एक पातळ तिकोनी पिक होतं, चांगलं मोठं. त्याला मागून जखमेवर लावायची गुलाबी चिकटपट्टी डकवलेली. नाजूक बोटांना पिक घसरू नये म्हणून लोक असलं काहीतरी करतात, हे बाईंना ठाऊक होतं.

त्यांनी पेटी होती तशी लावून ठेवली. पोळ्या लाटताना त्यांच्या मनात एकच घोळत होतं. कुणीतरी दुसरीच यांच्या गिटारला तारा लावतेय.

आता हे ऐकून कुणालाही हसू येईल. दुसऱ्या बायका शर्टाला अत्तराचा वास येतो का ते बघतात, या खुंटीचे वेढे मोजत होत्या. पण ज्या बाईने बावीस वर्षं हे एक काम कुणाच्या हातात जाऊ दिलं नाही, तिला याहून मोठा पुरावा तो काय लागणार? आणि पुरावा एकदा सापडला की बाकीचे धडाधड सापडतात. नवरा हल्ली बटणांचे शर्ट घालेनासा झाला होता. कपाटात इस्त्रीचे आठ शर्ट असताना गळ्यातून घालायचे टी-शर्ट, ते सुद्धा या वयात! म्हणजे तरुण दिसायची हौस आली. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरून शून्यात बघत बसायचा. म्हणजे मन घरात नाही. दुपारी तीनलाच बाहेर पडायचा. पूर्वी पाच वाजल्याशिवाय हलायचा नाही. "तालीम असते," म्हणायचा. बावीस वर्षं तीच ती गाणी वाजवणाऱ्यांना तालीम कसली?

बाईंनी नणंदेला फोन केला. नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. तिच्या पोटात काही राहायचं नाही, पण दुसरं होतंच कोण?

"वहिनी, तुझं आपलं काहीतरीच," नणंद म्हणाली. "दादाला घरात कधी रुमाल सापडत नाही, तो बाई कुठून शोधणार?"

"त्यांनी नसेल शोधली. तिने त्यांना शोधलं असेल."

"बरं, मग विचार की सरळ!"

विचारणार कशा? गिऱ्हाइकाला विचारताना बाईंची जीभ कधी अडखळली नव्हती, पण इथे उत्तर खरं मिळालं तर काय? मूल-बाळ नव्हतं. दोन खोल्यांचं घर, खाली दुकान आणि हा एक माणूस, एवढाच त्यांचा संसार. तोच कुणी उचलून नेला तर उरलेल्या तारांचं करायचं काय, असं त्यांना वाटे, आणि मग स्वतःचाच राग येई.

संशयाला चेहराही लवकरच मिळाला. हॉटेलात दोन महिन्यांपूर्वी एक नवी गायिका आली होती, ती स्वतः गिटार वाजवून गायची. बाईंच्या सुदैवाने ती एका दुपारी आपल्या पायांनी दुकानात आली.

"तुम्हीच ना वहिनी? दादांनी सांगितलं, तारा तुमच्याकडूनच घ्यायच्या."

दादा! बाईंनी मनात नोंद केली. असल्या गोष्टींची सुरुवात दादापासूनच होते. "तुमचं पिक दाखवा," त्या म्हणाल्या.

"मी पिक वापरतच नाही."

"असं कसं? काहीतरी वापरतच असाल."

गायिकेने हसून उजवा हात पुढे केला. अंगठ्यासकट चार नखं वाढवून, घासून, गोल केलेली. करंगळीचं तेवढं कापलेलं. बाईंनी तो हात धरून उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला. नखांच्या आतल्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. खोट काढायला जागा नव्हती. ही नखांनीच वाजवत होती, आणि तेही नायलॉनच्या तारांवर. स्टीलवर ही नखं आठवडाभर टिकली नसती. पातळ तिकोनी पिकाशी या बाईचा काही संबंध नव्हता.

"तारा खुंटीला कोण लावून देतं तुम्हाला?" बाईंनी शेवटचा बाण सोडला.

"मीच लावते. का हो?"

बाईंनी तिला मऊ वाजणारा नायलॉनचा सेट दिला. गायिका गेली, पण बाईंचं समाधान झालं नाही. उलट त्या जास्तच घाबरल्या. ही नाही, तर मग कोण? ओळखीची बाई असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता नवरा बाहेर पडला. बाईंनी दुकानाचं शटर ओढलं आणि पंधरा मिनिटांनी त्याच्या मागोमाग हॉटेलच्या मागच्या दाराने आत शिरल्या. मागचा दरवान ओळखीचा होता. "साहेब आतल्या खोलीत आहेत," तो म्हणाला. "रोज येतात यावेळी."

"एकटेच?"

दरवानाने उत्तर द्यायच्या आत बाई पुढे गेल्या होत्या. वाद्यं ठेवायच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. बाई भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि फटीतून बघू लागल्या. आपण काय करतोय याची लाज वाटत होती, पण पाय मागे फिरत नव्हते.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नवरा स्टुलावर बसला होता, मांडीवर गिटार, आणि तो तार लावत होता. तारेचं टोक खुंटीच्या भोकात घालायला त्याला चार वेळा प्रयत्न करावा लागला. पाचव्यांदा गेलं. मग त्याने अंगठा आणि बोट यांत खुंटी धरली, ती सुटली, पुन्हा धरली, आणि शेवटी उजव्या हाताला डाव्या हाताने आधार देत फिरवू लागला. वेढे एकमेकांवर चढत होते. शेपटी कापायला त्याने पक्कड उचलली, ती हातातून खाली पडली, आणि तो तिच्याकडे नुसता बघत राहिला.

गावभरच्या हातांचा निकाल लावणाऱ्या बाईंना आपल्या घरातला हात वाचता आला नव्हता. टी-शर्ट, कप, चिकटपट्टी, सगळं त्यांनी बघितलं होतं, पण बघितलं ते दुसऱ्या बाईला शोधत.

त्या आत गेल्या आणि पक्कड उचलून दिली. नवऱ्याने मान वर केली. तो दचकला नाही.

"किती दिवस झाले?" बाईंनी विचारलं.

"चार महिने. अंगठा आणि ही दोन बोटं. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबलीय. ऑपरेशन केलं तर बरी होईल कदाचित, किंवा नाही होणार. जाड पिक हातात राहीनासं झालं. पातळ असलं की तेच वाकतं, घट्ट धरावं लागत नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला?" तो कसनुसा हसला. "मागच्या वर्षी तो म्हातारा आला होता बघ, लग्नाच्या बँडमधला. हलक्या तारा मागत होता. तो दाराबाहेर पडायच्या आत तू मला म्हणालीस, 'हात गेला याचा. आता हा वाजवत नाही, वाजवल्यासारखं करतो.' त्याने ऐकलं गं ते. मी त्याचा चेहरा बघितला."

बाईंना तो म्हातारा आठवतही नव्हता. असे कितीतरी आले आणि गेले होते.

"आणि मी इकडे..." त्या म्हणाल्या. "मला भलतंच वाटत होतं."

"ठाऊक आहे. बहिणीने सांगितलं मला. पेटी उघडल्याचंही कळलं होतं. म्हटलं, बाईचा संशय येतोय ना, येऊ दे. तो परवडला. हात गेला असं तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा परवडला."

बाईंना रडू फुटलं. चोरून बघणारी आपण, घाबरलेली आपण, आणि आपल्याला घाबरून इथे लपणारा हा. त्यांनी पदराने डोळे पुसले, गिटार त्याच्या मांडीवरून घेतली, वेढे सोडून नीट घातले, शेपट्या कापल्या. तारा नऊ नंबरच्याच ठेवल्या. सूर लावून गिटार परत त्याच्या हातात दिली.

"जमेल का गं मला?" त्याने विचारलं. "खरं सांग. तू सांगशील तसं करतो. नाहीतर उद्याच मालकांना भेटून येतो."

बाईंच्या तोंडात निकाल आयुष्यभर तयार असायचा.

"मला नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "वाजवा तुम्ही."

त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि त्याच्या हातांकडे पाठ करून बसल्या. मग मागे वाजलं, अडखळलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. बाईंनी मागे वळून बघितलं नाही.