कौटुंबिक इतिहास : नाही

कर्करोगाच्या दवाखान्यात माझं काम होतं बायकांना बोलतं करायचं. दोन हजार सालानंतर आमच्या डॉक्टरबाईंनी स्तनाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाचा एक फॉर्म भरून घ्यायला सुरुवात केली. समाज कोणता, मूळ गाव कोणतं, आई, मावशी, आजी, आत्या यांच्यापैकी कोणाला हा आजार होता का. बाईंचं म्हणणं साधं होतं. काही घरांत हा आजार जनुकातल्या एखाद्या बदलामुळे पिढ्यांतून उतरतो. असे बदल जास्त करून युरोपातल्या बायकांच्या रक्तात शोधले गेले. आपल्याकडे लग्नं आपापल्या समाजातच होत आली, त्यामुळे आपल्यातले काही बदल वेगळे असू शकतात, आणि ते फारसे कोणी पाहिलेलेच नाहीत. म्हणून ज्या घरात एकीहून जास्त बायकांना आजार झाला, तिथलं रक्त तपासणीला मुंबईला पाठवायचं.

बायका सांगायच्या नाहीत. घरात लग्नाच्या मुली असायच्या. आई पोटाच्या आजाराने गेली म्हणायच्या, आणि मी उलटतपासणी घेऊन खरं काढायचे. "बाई, तुम्ही पोलिसात पाहिजे होता," असं लासलगावची एक जण म्हणाली होती. मला ते आवडलं होतं.

मग माझी मावसबहीण वणीहून आली. वय अडतीस, डाव्या बाजूला गाठ. आमच्या दोघींच्या आया सख्ख्या बहिणी. नव्वदच्या दशकात दोघीही याच आजाराने गेल्या, आणि लोकांना आम्हीही पोटाचा आजार असंच सांगितलं.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मुलाची मावशी आमच्याच दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायची. फॉर्म कोणाच्याही हातात पडू शकत होता. मी तिची आई आणि मावशी, म्हणजे माझी आई, या दोन्हींपुढे "नाही" लिहिलं. बहिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं, फॉर्मवर अंगठा उठवला आणि शाई पुसली.

तिचं रक्त मुंबईला गेलं नाही. एका बाजूचं ऑपरेशन झालं. माझ्या मुलीचं लग्न झालं.

अडीच वर्षांनी ती परत आली तेव्हा दुसऱ्या बाजूची गाठ काखेपर्यंत पोचली होती. डॉक्टरबाईंनी माझ्यासमोरच तिला विचारलं, घरात खरंच कोणाला नव्हतं?

बहीण माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तूच 'नाय' म्हणून लिहिलंस ना? मला वाटलं, मेलेल्यांचं धरत नसतील."

मी सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कोरा फॉर्म काढला आणि तो भरायला दवाखान्यातल्या दुसऱ्या मुलीला बोलावलं.

बाहेर बाकावर मी बहिणीला कारणही सांगितलं. तिने पदर नीट केला. "पोर उजवली ना तुझी? मग झालं." मला ती माफी वाटली नाही.

मुंबईहून रिपोर्ट आला. बदल सापडला होता, पण त्यानेच आजार होतो का, हे सांगता येत नव्हतं. तो युरोपातल्या नोंदींत नव्हता आणि आपल्याकडच्या नोंदी फारच थोड्या. अशी घरं वेळेवर नोंदली गेली असती तर काही सांगता आलं असतं, असं बाई म्हणाल्या. त्या सर्वसाधारणपणे बोलत होत्या. मी नंतर माझं रक्त दिलं. माझ्यातही तोच बदल निघाला.

त्यानंतर मुलीला सांगणं भाग होतं. ती माहेरी आली होती, भाजी निवडत होती. मी माझ्या आईचं, माझ्या मावशीचं, माझ्या रक्ताचं सांगितलं, आणि तपासणी करायची की नाही ते तिने ठरवावं म्हटलं. फॉर्मचंही सांगितलं.

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग विचारलं, "वणीच्या मावशीला माहीत आहे, तू हे माझ्या लग्नासाठी केलंस ते?"

"माहीत आहे."

"मग तिच्यासमोर मी कोणत्या तोंडाने जाऊ, तेवढं सांग."

 दुसऱ्या दिवशी सकाळी ती वणीच्या एसटीत बसली. मी बरोबर येते म्हटलं, तर नको म्हणाली.